मामीभोवतीचा उजेड

आमच्या मामाचा फोटो स्टुडिओ आहे. साठी उलटल्यावर तो कॉम्प्युटरवर फोटो सजवायला शिकला, आणि शिकला काय, तर एकच गोष्ट: फोटोच्या कडा काळ्या करायच्या आणि मधोमध उजेड ठेवायचा. याला व्हिन्येट म्हणतात. पडद्यावरची पट्टी सरकवली की चारी बाजूंनी काळोख आत यायचा आणि मामा खुर्चीतल्या खुर्चीत उड्या मारायचा. "बघ, कसा जीव आला!" माकडाच्या हाती कोलीतच ते. पासपोर्टचे फोटोसुद्धा त्याने असेच करून दिले, आणि सगळे परत आले. भिंतीवरचे घरातले जुने फोटोही सुटले नाहीत.

स्टुडिओ मामाचा असला तरी निम्मा फोटो मामीचा. स्टीलचा कंगवा घेऊन तीच सगळ्यांना रांगेत उभं करते. "काका, पोट आत! ताई, हनुवटी वर!" घरचा फोटो असला की मग मामा ओरडतो, "आता तू ये," आणि ती धावत येऊन टोकाला उभी राहते. चाळीस वर्षं टोकालाच.

माझ्या लग्नाचा मोठा फोटो मामाने चौकटीत घालून घरी आणला, तेव्हा आम्ही नवरा-नवरी नुसते लखलखत होतो.

"छान," मामी म्हणाली. "आणि मी कुठाय?"

मामाने बोट ठेवलं. तिथे काळोख होता आणि काळोखात एक कंगवा.

मी खो-खो हसले. अक्कल गहाण टाकली होती मी. मामी हसली नाही. "घरच्या भिंतीवरही तेच केलंत," ती म्हणाली. "आता मी कुठल्या फोटोत उभी राहणार नाही आणि कुणाला उभंही करणार नाही." कंगवा तिने मामाच्या हातात दिला.

पुढच्याच आठवड्यात मामाने एका शाळेतल्या चाळीस शिक्षकांचा फोटो एकट्याने काढला. अकरा जणांचे डोळे मिटलेले, दोघे चक्क पाठमोरे. मामाचं तोंड एवढंसं झालं.

मग एका दुपारी मी ऑफिसात असताना त्याचा फोन. "अगं, तो उजेडाचा गोल हलतो! माउसने धरला की कुठंही नेता येतो!" आनंदाने त्याला धड बोलता येईना.

त्याने मला आणि मामीला स्टुडिओत बोलावलं. माझ्याच लग्नाचा फोटो, पण उजेड सगळा डाव्या टोकाला. मामी धावत येतेय, एक पाय हवेत, हातात कंगवा. आम्ही दोघं काळोखात बुडालेलो. नवऱ्याच्या नाकाचा फक्त शेंडा दिसत होता. मला तर नाचावंसं वाटलं.

मामी पडद्याजवळ वाकली. मग म्हणाली, "केस बघा माझे! सगळ्यांचे विंचरले आणि माझेच राहिले."

मामाने खिशातून कंगवा काढला. "बस इथे. आज तुझा एकटीचा काढतो." आणि त्याने तिचा भांग सरळ केला. "हनुवटी वर!"

मामी इतकी हसली की फोटो हलला. मामाने तोच ठेवला, पट्टीला हातही न लावता.