पेटीवाल्याचा मासा

जुन्या जालन्यात आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं. नवरीच्या पेट्या, होस्टेलच्या, फौजेत निघालेल्यांच्या. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटनं नाव टाकायचं ते गिऱ्हाइकाचं. करणाऱ्याचं नाव टाकायची रीतच नव्हती. पुढं चाकांच्या बॅगा आल्या आणि आबा घरी बसले. "आता आपलं काम कोणाला लागतंय," म्हणायचे. मला ते ऐकवत नसे.

मी आष्टीला विज्ञान शिकवते. यंदा विज्ञान प्रदर्शनात मांडायच्या प्रतिकृतीसाठी मी मुद्दाम डंकलिओस्टिअस निवडला. कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेला, डोक्या-छातीवर हाडांचं चिलखत असलेला अवाढव्य मासा. चिलखत म्हटलं की पत्रा आलाच, आणि पत्रा म्हटलं की आमचे आबा.

जीवाश्माचा फोटो त्यांनी चष्मा वर-खाली करून बराच वेळ पाहिला. मग डोक्याच्या मागं बोट ठेवलं.

"हितं बिजागरी हाय, माय. दोन्ही बाजूंनी. ह्याचं डोकं झाकणावानी वर उचलत असंल."

"आबा, माशाला कुठं मान असते? फक्त खालचा जबडा हलता ठेवा."

"बराबर," म्हणाले आणि केलं स्वतःच्याच मनाचं. आठ दिवसांनी मासा तयार झाला, तो बिजागऱ्यांसकट. माझं डोकंच फिरलं. "शिक्षिका मी आहे का तुम्ही?" असं बोलून गेले. त्यांची चूक दाखवायला तावातावानं पुस्तक उघडलं, तर त्यात लिहिलेलं: कवटी आणि छातीचं चिलखत दोन्ही बाजूंना सांध्यानं जोडलेलं, तोंड उघडताना डोकं वर उचललं जाई. खाल मानेनं मी ते वाचून दाखवलं.

"मंग? चाळीस वर्सं झाकणंच तर लावून राह्यलो," आबा म्हणाले.

प्रदर्शनात परीक्षकांनी माझंच शहाणपण मला ऐकवलं. "मॅडम, माशाला मान?" मी डोकं उचलून दाखवलं, पुस्तकाचं पान पुढं केलं. "हे तुमच्या लक्षात कसं आलं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या नाही, वडिलांच्या. पेटीवाले आहेत ते." मी ताठ मानेनं सांगितलं. पहिला नंबर आला.

मासा शाळेच्या दाराशी ठेवायचा ठरला. आबा रंगाचा डबा घेऊन आले आणि सवयीनं विचारलं, "नाव कोणाचं टाकू? शाळेचं?"

"करणाऱ्याचं."

अख्ख्या जालन्याची नावं झरझर लिहिलेला तो हात पहिल्याच अक्षराला थांबला. मग सावकाश त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि खाली, मी न सांगता, 'पेटीवाले, जुना जालना'.