तीन सीलबंद बाटल्या

त्या प्रकरणातले आकडे मला अजून तोंडपाठ आहेत. बुधवार, सकाळचे साडेदहा. रक्कम चार लाख साठ हजार. शीळफाट्याजवळच्या आमच्या ठाण्यात माझ्या टेबलासमोर तिघे होते: बाळकुमचे एक वयस्कर जमीनमालक, त्यांचा चोवीस वर्षांचा मुलगा आणि माझे हवालदार.

मुलाच्या स्पोर्ट्स कारचा डिफरन्शियल आमच्या हद्दीत, भर रस्त्यात निकामी झाला होता. मागच्या दोन चाकांच्या मध्ये असते ती ही लोखंडी पेटी. तिच्यातली दातेरी चाके गाडी वळताना बाहेरचे चाक जास्त फिरवतात. ही चाके घट्ट गिअर ऑइलमध्ये बुडालेली असतात. महिन्यापूर्वी याच हद्दीतल्या, डोंबिवलीकडच्या एका मेकॅनिकने ते तेल बदलले होते. नव्या तेलाचे पैसे घेऊन त्याने जुनेच तेल भरले, त्यामुळे पेटीतले दाते तुटले, अशी वडिलांची तक्रार होती. दुरुस्तीचा अंदाज वर दिलाच आहे. फसवणुकीचा गुन्हा नोंदवून तपास मी माझ्याकडे घेतला.

दुपारी ठाण्यात निनावी फोन आला. "त्या गॅरेजमध्ये जुनं तेल गाळून परत डब्यात भरतात," एवढेच बोलून फोन ठेवला गेला. दोन पंच घेऊन आम्ही गॅरेजवर गेलो. मागच्या बाजूला जुन्या तेलाची दोन पिंपे निघाली.

"साहेब, पिंपं सापडली. आता काय राहिलं? घेऊ या का गाडीत?" हवालदार म्हणाले.

मेकॅनिक पन्नाशीचा, पूर्वी एका कारखान्यात फिटर असलेला माणूस. तो म्हणाला, "ते भंगार तेल आहे साहेब, महिन्याला विकतो, पावत्या आहेत. मला अटक झाली तर गाळामालक गाळा काढून घेईल. तक्रारीचं कानावर गेल्यावर तसं त्यानं बजावलंय. तुम्ही आधी एक बघा." त्याने फळीवरून एक डबा काढला. डब्यावर पेनाने त्या स्पोर्ट्स कारचा नंबर आणि तारीख लिहिली होती. "दोन लिटर आणलं होतं. गाडीत एक लिटर तीनशे गेलं. उरलेलं सातशे हे. गिऱ्हाइकानं पैसे दिलेत म्हणजे तेल त्याचं. पुढच्या वेळी लागतं."

फळीवर असे एकतीस डबे होते, प्रत्येकावर नंबर. मी मापाने मोजून घेतले. तेल सातशे मिलिलिटरला थोडे कमीच भरले. पण डब्यावर नंबर आणि तारीख कोणीही, कधीही लिहू शकतो. डबा जप्त केला. अटक थांबवली.

दुसऱ्या दिवशी बंद पडलेल्या गाडीच्या पेटीतले तेल पंचांसमक्ष काढले. दोन्ही बाजू हजर होत्या. तेल बाहेर आले ते दुधाच्या चहासारखे.

"जुनं तेल काळं असतं साहेब," मेकॅनिक म्हणाला. "हे पाणी शिरलंय. पेटीला वर श्वासाची नळी असते. गरम पेटी थंड पाण्यात बुडाली की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते."

"पाण्यात कोण घालेल गाडी?" मुलगा म्हणाला. "मी फक्त घोडबंदर रोडला फिरवलीय. वॉशिंग ह्याच्याच रॅम्पवर झालेलं. ह्यानंच घातलं असेल पाणी."

"घालायचंच असतं तर स्वस्त गाडीत घातलं असतं रे," मेकॅनिक पुटपुटला.

मुलाचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. म्हणून मी तिसरा नमुना घेतला: गॅरेजच्या बोअरवेलचे पाणी. गाडीतले तेल, डब्यातले तेल आणि हे पाणी, अशा तीन बाटल्या, प्रत्येकीवर लाखेचे सील आणि पंचांच्या सह्या. हवालदार म्हणाले, "साहेब, बोअरचं पाणीपण लॅबला? हसतील आपल्याला." हसू देत, म्हटले.

सव्विसाव्या दिवशी अहवाल आला. गाडीतले तेल आणि डब्यातले तेल एकाच प्रतीचे होते, म्हणजे तेल खरोखरच बदललेले होते. गाडीतल्या तेलात भरपूर पाणी होते आणि त्यात मीठही होते. बोअरच्या पाण्याशी ते मुळीच जुळत नव्हते. प्रयोगशाळेतल्या अधिकाऱ्याने फोनवर सांगितले, "तिसरी बाटली पाठवली नसती, तर पाणी बोअरचं नाही हे मी ठामपणे सांगू शकलो नसतो." हे वाक्य मी त्याच संध्याकाळी घरी बायकोला सांगितले.

बापलेकांना बोलावले. वडिलांना अहवाल वाचून दाखवला. मीठ हा शब्द आला तसे ते खुर्चीत सरळ बसले. त्यांचे वडील आणि ते स्वतः मिठागरात राबलेले, जमिनीला भाव आला तो फार नंतर. ते माझ्याशी न बोलता मुलाकडे वळले.

"खाडीन नेल्तीस गाडी?"

"नाही बाबा."

"खरा सांग. बांधावर नेल्तीस का नाय?"

मुलगा म्हणाला, "रील काढायला गेलेलो. बांधाच्या खाली मस्त सपाट जागा आहे. पाणी लांब होतं. अर्ध्या तासात चाकं बुडाली."

"कवा?"

"अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी."

म्हाताऱ्याने कपाळाला हात लावला. "मिठागरवाल्याचा पोर, आनि उधानाच्या भरतीचा टाइम ठाव नाय. तुजा आजा असता तर तुला पान्यानच बुडवला असता." मग मला म्हणाले, "सायेब, माजी तक्रार चुकली. कुठं सही करू?"

गैरसमजुतीतून दाखल झालेल्या गुन्ह्यासाठी आमच्याकडे 'सी' समरी असते. तसा अहवाल मी न्यायालयात पाठवला आणि तो मंजूर झाला.

निनावी फोन कोणाचा होता ते शेवटपर्यंत कळले नाही. खबर आली आणि तिच्याप्रमाणे वस्तू सापडली की तपास संपल्यासारखा वाटतो. पिंपे पाहून मलाही घटकाभर तसेच वाटले होते. पुढे नव्या पोरांना शिकवताना मी सांगत असे की, ज्याच्यावर संशय आहे त्याचे म्हणणे तपासायला जेवढा खर्च करता, तेवढाच फिर्यादीचे म्हणणे तपासायलाही करा. नोकरीत मी पुष्कळ अटका केल्या. त्या गॅरेजमध्ये न केलेल्या अटकेचा मला त्यांतल्या कित्येकांपेक्षा जास्त अभिमान आहे.

जप्त माल परत द्यायला मी गॅरेजवर गेलो, तेव्हा बापलेक तिथे आले होते. अहवाल येईपर्यंत बदनामीमुळे गिऱ्हाईक फिरकले नव्हते, शटर खालीच राहिले होते.

"दिवसाचं किती सुटतं तुला?" वडिलांनी विचारले.

"दीड हजार."

"सव्वीस दिवस. एकोनचालीस हजार."

"चार रविवार वजा करा काका. रविवारी मी बंदच ठेवतो."

वडिलांनी पैसे मोजून मुलाच्या हातात दिले. "तुज्या हातान दे."

मुलाने तेहेतीस हजार रुपये मेकॅनिकला दिले. मेकॅनिकने पावती लिहून दिली.