सरंजामशाहीची खूण

कर्णबधिर मुलांच्या त्या शाळेत बाईंना हाक मारायची म्हणजे हनुवटीला बोट लावायचं, कारण बाईंच्या हनुवटीवर ठसठशीत तीळ होता. मोठा भाऊ जन्मापासून बहिरा, त्यामुळे बाई बोलायच्या आधी खुणा शिकल्या. भाऊ सुतार झाला, बाई शाळेत दुभाषी. मास्तर शिकवणार आणि बाई ते हातांनी सांगणार.

बाकी विषय निभावले, पण शेवटच्या वर्गाच्या इतिहासाने बाईंच्या नाकीनऊ आणले. साम्राज्य, नगरराज्य, उत्खनन, सरंजामशाही. एकाही शब्दाला खूण नाही! बोटांनी एकेक अक्षर दाखवत शब्द पुरा होईतो मुलं त्याची सुरुवात विसरायची. अर्थ तर लांबच राहिला.

बाईंनी कंबर कसली. शाळा सुटल्यावर बारा मुलांना घेऊन त्या नव्या खुणा घडवायला बसत. बाराही जणांना पटली तरच खूण पक्की. उत्खननासाठी बाईंनी कुदळ मारून दाखवली, तर पोरं हसली. हा तर नुसता खड्डा! मग वर्गातल्या उंच मुलीने तळहातावरची धूळ बोटांनी हलकेच झटकली, आणि ती खूण ठरली. सरंजामशाहीने तीन दिवस खाल्ले. शेवटी तीही त्याच मुलीला सुचली: उजव्या हाताने जमीन पायरीपायरीने खाली द्यायची, डाव्या हाताने धान्य तसंच वर न्यायचं.

परीक्षेला पंधरा दिवस उरले तेव्हा मुख्याध्यापिकांनी बाईंना बोलावलं. "तोंडी परीक्षेला परीक्षक स्वतःचा दुभाषी घेऊन येणार आहेत. तुमच्या घरगुती खुणा त्याला काय कळणार? अक्षरं घोकून घ्या."

"अक्षरं येतात त्यांना, मॅडम. आता कुठे अर्थ कळायला लागलाय. तो मी काढून घेणार नाही."

"आणि बाराही नापास झाली तर?"

मुलांचं वर्ष वाया गेलं तर दोष बाईंचाच ठरणार होता. पण माघार घेतील तर त्या बाई कसल्या! दुसऱ्या दिवशी त्यांनी भावाला वर्गात आणून बसवलं. त्याने शाळेचं तोंडही पाहिलं नव्हतं. प्रत्येकाने आधी खूण करायची, मग तिचा अर्थ त्याच्या गळी उतरवायचा. नाही कळलं की तो बाकावर अशी थाप मारायचा की दौत उडावी. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याने एकदाही थाप मारली नाही.

परीक्षेत बाईंना मागच्या बाकावर बसायची परवानगी होती, हात हलवायची नव्हती. उंच मुलगी पहिली. दुभाष्याने सरंजामशाही अक्षराक्षराने विचारली. तिने खूण केली.

"ही खूण मला माहीत नाही," तो परीक्षकांना म्हणाला.

बाईंचे हात उचलले गेले. त्यांनी ते मांडीखाली दाबले.

मुलगी गडबडली नाही. तिने हवेत राजा उभा केला, त्याच्याखाली सरदार, सगळ्यात खाली शेतकरी. जमीन खाली आली. धान्य वर गेलं, मागोमाग शिपाई गेले. दुभाषी आधी अडखळत, मग भराभर बोलू लागला.

"पुरे," परीक्षक म्हणाले. "छान समजलंय हिला."

दुसरा मुलगा पुढे आला. प्रश्न तोच. दुभाष्याने पहिल्या अक्षरासाठी बोटं उचलली, क्षणभर थांबला, आणि उजव्या हाताने जमीन पायरीपायरीने खाली देऊ लागला.