मी कार्बन गाडला!

चहाचा कप आधी खाली ठेवा भिया. ऐकता ऐकता ठसका लागला तर माझी जबाबदारी नाही!

इंदूरच्या एका कपडा मिलमध्ये मी अठरा वर्षं बॉयलरवर होतो. मिलला टाळं लागलं आणि मी घरी बसलो. मग सांवेर रोडवरच्या एका नव्या फॅक्टरीत काम मिळालं, तेही बॉयलरवरच. पण तीन महिने ट्रायल! तिथं कोळसा नाही, सोयाबीनचा भुसा जाळायचे. पहिल्या दिवशी मला कळेना, हा बॉयलर आहे की म्हैस?

मॅनेजर देशपांडेसाहेब पुण्याचे. माणूस भला, पण बोलणं आपल्या डोक्यावरून जायचं. एकदा आम्हाला उभं करून म्हणाले, "झाडं हवेतला कार्बन खातात. भुसा जाळला की तोच कार्बन चिमणीतून परत हवेत. तो वाटेतच पकडून जमिनीत गाडला, तर हवा उलट साफ होईल! परदेशात यावर विचार चाललाय. शनिवारी तिकडचे पाहुणे येताहेत, याच विषयावर बोलायला."

मी मान हलवली. मला कळलं काय? कार्बन पकडायचा, गाडायचा, आणि तेही शनिवारच्या आत!

घरी बायकोला, सुशीलाला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, धूर कसा गाडतात?"

"धूर नाही गं, कार्बन!"

"म्हणजे काय?"

आता आली का पंचाईत! म्हटलं, "चिमणीत काळं काळं जमतं ना, ते. टेक्निकल मामला आहे, तू रहने दे."

"साहेबांना एकदा विचारून तर घ्या."

विचारू? ट्रायलवरच्या माणसानं? म्हणजे येत नाही हे स्वतःच्या तोंडानं कबूल करू?

शुक्रवारी बॉयलर सफाईला बंद होता. मी चिमणीच्या बुडाशी शिरलो आणि काजळी खरवडली. आठ पोती निघाली! ऑफिसमागच्या मोकळ्या जागेत खड्डा खणला, सगळी आत ओतली, वरून माती. तसाच काळाकुट्ट घरी गेलो तर सुशीलानं आधी विचारलं, "कोण पाहिजे?"

शनिवारी दोन गोरे पाहुणे आले. मला राहवेना. पुढे झालो. "साहेब, पकडला! गाडला पण!"

"काय?"

"कार्बन! आठ पोती!"

देशपांडेसाहेबांचा चेहरा उतरला. पण पाहुण्यांना 'कार्बन' शब्द बरोबर समजला. त्यांनी काहीतरी विचारलं. साहेब पडेल आवाजात म्हणाले, "कुठली पद्धत वापरली, विचारताहेत."

"फावडं."

"किती खोल गाडला?"

"कमरेइतका."

"वर येऊ नये म्हणून काय केलं?"

"वरून उड्या मारल्या, साहेब."

पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. मग मला खड्डा उकरायला लावला. एकानं चिमूटभर काजळी बोटांत चोळली आणि हसत सुटला. साहेबांनी मला बाजूला घेतलं. "अहो, तो कार्बन म्हणजे वायू! डोळ्यांना दिसत नाही. तो कधीच चिमणीतून निघून गेला."

"मग मी काय गाडलं?"

"काजळी."

मी गार! वाटलं, गेली नोकरी.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. "तुम्हाला पर्मनंट करतोय."

माझ्या डोळ्यांत पाणी. हात जोडले. म्हटलं, "बॉयलर अगदी जिवापाड सांभाळीन, साहेब!"

"बॉयलरला हातही लावायचा नाही. उद्यापासून बागेत. खड्डे मात्र झकास खणता!"