वरच्या खोलीतला खेळाडू

लातूर टँकरच्या पाण्यावर जगत होतं, त्या उन्हाळ्यात आमच्या वरच्या खोलीत काँगोहून आलेला एक पोरगा राहायचा. इथल्या एका क्लबानं त्याला पगारावर बास्केटबॉल खेळायला आणलं होतं. त्याची ती पहिलीच नोकरी. दार कितीही उंच असलं तरी तो वाकूनच आत यायचा.

एकदा जिन्यात त्याचा सुजलेला गुडघा मला दिसला.

"कोच को नक्को बोलो, काका. वापस भेज देंगे," तो म्हणाला. मी कोचला काही कळवलं नाही, पण तो सरावाला निघाला की जिना उतरेपर्यंत त्याच्या गुडघ्याकडं बघत राहायचो.

एका सकाळी टँकरभोवती रेटारेटी झाली आणि शेजारच्या गयाबाई घागरीसकट पडल्या. गर्दीला बिचकणारा हा पोरगा आत घुसला आणि हात पसरून त्यांच्यावर ओणवा झाला. लोकांचे धक्के त्यानं पाठीवर झेलले. गयाबाई उठल्या, त्याला मात्र उठता येईना.

"कुठं लागलं रं, लेकरा?" गयाबाईंनी विचारलं.

तो माझ्याकडं बघून म्हणाला, "अब बोलो, काका."

मी फोन लावला. कोचनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच सांगितलं, "त्याची बॅग भरून ठेवा."

दवाखान्यासाठी की विमानासाठी, हे विचारायचा धीर आम्हा दोघांनाही झाला नाही.