सरांच्या नावेचे टायर

टायरच्या दुकानात किस्से साठतात, त्याला कारण साधं आहे. कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक पसंत करतं आणि जातं. आमच्याकडं पंक्चर निघेपर्यंत त्याला बाकावर बसावं लागतं, आणि बसलेला माणूस बोलतोच. हुबळीत दाजीबानपेठेच्या मागच्या अंगाला आमचं दुकान. सत्तर-ऐंशीच्या त्या काळात बाकावर रोज संध्याकाळी तीच मंडळी. एक बापूसाहेब वकील, ज्यांची स्वतःची सायकलसुद्धा नव्हती. दुसरा बसण्णा, लॉरीवाला, ज्याची लॉरी रस्त्यावर कमी आणि आमच्या दारात जास्त. त्या बाकावरचं बरंच काही मी विसरून गेलो. इनामदार सरांच्या नावेचं मात्र काहीच विसरलो नाही.

सर धारवाडच्या कॉलेजात गणित शिकवायचे. मलाही त्यांनीच शिकवलं, म्हणून तर मी टायरच्या धंद्यात आलो.

*

रिटायर झाल्यावर एकदा सर धारवाडहून बसनं आले, बाकावर बसले, घाम पुसला आणि म्हणाले, "नावेच्या ट्रेलरला टायर पाहिजेत."

बसण्णानं चहाचा कप खाली ठेवला. "सर, हुबळीत समुद्र कवा आला री?"

सरांनी शांतपणे सगळं सांगितलं. धारवाडात सप्तापूरच्या घराच्या अंगणात सुतार बसवून त्यांनी नाव बांधून घेतली होती. ती ओढून न्यायला भंगारातून एक ट्रेलर आणला होता, पण त्याचे टायर पार गेलेले. नाव न्यायची होती कारवारला, काळी नदीवर. अक्कांचं, म्हणजे सरांच्या बायकोचं, माहेर त्या नदीच्या काठी.

"लग्न झालं तेव्हा शब्द दिला होता, नावेतनं तुझ्या नदीवर फिरवीन म्हणून," सर म्हणाले. "नोकरीत राहून गेलं. आता डॉक्टर म्हणतात, तिचं हृदय थकलंय. जे करायचं ते लवकर करा."

पुढं आम्ही त्या नावेवरून पोट धरून हसलो, पण त्या संध्याकाळी कुणी हसलं नाही.

*

मी विचारलं, "सर, नावेचं वजन किती?" कारण टायर वजनावर ठरतो.

सर खूश झाले. हे त्यांच्या विषयातलं होतं. पुढच्या खेपेला आले ते उत्तर घेऊनच. "नाव पाण्यात सोडायची. ती किती बुडते ते मोजायचं. तेवढ्या पाण्याचं वजन म्हणजे नावेचं वजन. एकदम सोपं."

"आणि पाण्यापर्यंत न्यायची कशी?" बापूसाहेबांनी विचारलं.

"ट्रेलरवरनं."

"ट्रेलरला टायर आहेत?"

सर विचारात पडले. परतीच्या वाटेवर नवनगरच्या पुढं बस जाईपर्यंत ते विचारच करत असणार. शेवटी बसण्णा कापसाच्या बाजारातले हमाल घेऊन सप्तापूरला गेला. त्यांनी नाव उचलून बघितली आणि निकाल दिला, "गाठीपेक्षा जड, लग्नाच्या मांडवापेक्षा हलकी." मी त्यावरूनच अंदाज बांधला आणि तो बरोबर ठरला.

*

जीपचे टायर घ्यायचे असं ठरलं. त्या दिवसांत टायर मिळणं म्हणजे वशिल्याचं काम. नंबर लावून, वाट बघून, मी जोडी मिळवली आणि स्वतः जाऊन बसवली. ट्रेलर ढकलला तर टायर मडगार्डला घासतात. सल्ला माझाच होता, त्यामुळं तोडही मलाच काढावी लागली.

"मडगार्ड कापून टाकू," मी म्हणालो.

"कापलं की मग कारवारच्या घाटात चिखल उडेल, दगड उडेल," सर म्हणाले. "जरा विचार करू."

सरांचं 'जरा' म्हणजे काय ते तेव्हा कळलं. उन्हाळे गेले, पावसाळे गेले. सर येत राहिले. अरबैल घाटाची वळणं कशी, उतारावर टायर किती तापतो, प्लाय, म्हणजे टायरच्या आतले थर, किती हवेत, एक टायर फुटला तर नाव कुठल्या बाजूला कलंडेल. घाटाचा नकाशा काढून ते समजावून सांगायचे. बापूसाहेब म्हणायचे, "माझ्या कोर्टातसुद्धा एवढ्या तारखा पडत नाहीत."

तिकडं अंगणात नाव ट्रेलरवर उभी. अक्कांनी तिच्यात सांडगे वाळत घालायला सुरुवात केली होती. मी गेलो की हातात डबा द्यायच्या. "घ्या, नावेतनं उतरलेला माल." सांडगे फार चांगले व्हायचे.

*

एका वर्षी सरांनी बोलावलं म्हणून मी आणि बसण्णा सप्तापूरला गेलो. मडगार्ड कापायचं एकदाचं पक्कं झालं होतं. बसण्णा खाली बसला, टायरवर अंगठा दाबला आणि माझ्याकडं बघितलं. वरची नक्षी अजून कोरी होती, पण बाजूला सगळीकडं बारीक चिरा. एका जागी उभं राहून, ऊन खाऊन, रबर मेलं होतं.

"पण हे तर एकदाही चालले नाहीत," सर म्हणाले.

"चालले नाहीत म्हणूनच री सर," बसण्णा म्हणाला.

अक्का दारात उभ्या होत्या. हातात काठी आली होती. दोन पायऱ्या उतरल्या आणि दम लागला म्हणून तिथंच बसल्या. मला त्या दिवशी सरांचा राग आला. खरंच आला. माणूस एवढा हुशार, आणि समोरचं दिसत नाही?

*

त्यानंतर थोड्याच दिवसांत दुकानासमोर स्टेशनवरचा टांगा थांबला. आत अक्का. सर बरोबर नव्हते. अक्कांना उतरायला जमेना, म्हणून आम्हीच टांग्यापाशी गेलो.

"मला एक सांगा," अक्का म्हणाल्या. "केळगेरीच्या तलावाला जायला कुठला टायर लागतो?"

केळगेरीचा तलाव त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर नसला, तरी लांबही नाही. मी म्हणालो, "तिथवर? कुठलाही चालेल, अक्का."

"मग द्या की."

बापूसाहेबांना राहवेना. "पण सर तर घाटाचं म्हणत होते. काळी नदी."

"घाट त्यांना पाहिजे. मला पाणी पाहिजे."

"मग इतकी वर्षं बोलला का नाही तुम्ही?"

"विचारलं कुणी?" अक्का म्हणाल्या आणि टांगेवाल्याला म्हणाल्या, "चल बाबा."



*

बैलगाडीचा रबरी टायर वजन कितीही घेतो, फक्त पळवायचा नाही. आम्ही तीच चाकं ट्रेलरला बसवली आणि बसण्णाच्या भावानं बैल आणले. अक्कांना चढता येणार नव्हतं, म्हणून घरीच खुर्चीसकट उचलून नावेत बसवलं.

सप्तापूरच्या रस्त्यानं नाव निघाली. पुढं बैल, वर नऊवारीतल्या अक्का. लोकांना वाटलं कुठल्या तरी देवीची जत्रा. एका बाईनं चाकाखाली लिंबू ठेवलं, दुसरीनं नाव थांबवून अक्कांची ओटी भरली. अक्कांनीही सगळ्यांना हात जोडले. सर मात्र ट्रेलरच्या बाजूनं चालत, वाकून वाकून टायर बघत होते.

तलावाशी बैल फिरवले, ट्रेलर मागं पाण्यात घातला. नाव तरंगली. सर धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उभे, ट्रेलरला घट्ट धरून. "हवा बरोबर आहे ना? डावा जरा बसल्यासारखा वाटतो."

आम्ही सगळे डाव्या टायरकडं बघायला लागलो. तेवढ्यात बसण्णा ओरडला, "अक्का होंटरू री!"

वर बघितलं तर अक्का निघाल्या होत्या. वल्हं हातात, खुर्चीत ताठ बसलेल्या. घरात दोन पायऱ्या उतरताना दम लागणारी बाई, पण वल्हं असं पडत होतं की पाण्याचा आवाज होत नव्हता. घाई नाही, जोर नाही. थोडं आत जाऊन त्यांनी नाव वळवली, परत काठाजवळ आणली आणि सरांच्या समोर उभी केली.

सरांनी ट्रेलर सोडला नव्हता. बोटं पांढरी पडली होती, आणि नजर टायरवर नाही, पाण्यावर होती. "टायर..." ते म्हणाले.

अक्कांनी वल्हं आडवं ठेवलं आणि हात पुढं केला.

"टायर चांगले आहेत हो. पहिल्यापासून चांगलेच होते," त्या हळू म्हणाल्या. "या आता. पाणी खोल नाही, आणि मी आहे ना."

सरांनी डोळे मिटले आणि हात दिला.