खरखर पास

हिप-हॉपच्या ढोलाला जुना, मळका आवाज यावा म्हणून लेकीला सॅम्पलर हवा होता. सॅम्पलर म्हणजे कुठलाही आवाज पकडून बटणांवर वाजवायची पेटी. शिकवण्या घेऊन तिने साठवलेले पैसे एकाच पेटीला पुरणार होते. निवड चुकली तर पुन्हा वर्षभर शिकवण्या. म्हणून हिशेबाला मीही पिंपळे गुरवला गेलो.

विकणारा पहिली शिफ्ट करून कंपनीच्या शर्टातच वरच्या मजल्यावरच्या घरी बसला होता. समोर सारख्याच किमतीच्या दोन पेट्या होत्या, नवी सोळा बिटांची आणि जुनी बारा बिटांची. बिट जितके जास्त, तितका आवाज स्वच्छ.

"बारापेक्षा सोळा जास्त," मी निकाल दिला.

"पप्पा, प्लीज!" लेक म्हणाली.

बोलताना विकणारा हाताला येईल त्या वस्तूची कड अंगठ्याने चाचपायचा. "काका, मी चाकणला पार्ट तपासतो. कडेला खरखर लागली की रिजेक्ट. घरी उलटं. ढोल गुळगुळीत वाजला की रिजेक्ट!"

मग खाली येऊन त्याने माझ्या स्कूटरचा ढिला स्टँड आपटला, तो आवाज मोबाइलवर टिपला आणि वर जाऊन दोन्ही पेट्यांत भरला. नवीतून माझी स्कूटरच वाजली. जुनीतून असा खरखरीत दणका आला, की शेजारच्या काकूंनी दार उघडून पाहिलं.

कमी आकड्याची वस्तू मी आयुष्यात पहिल्यांदाच पसंत केली.

"स्कूटर विकाल तेव्हा सांगा राव," निघताना तो म्हणाला, "नुसता स्टँड घेईन."

परवा मेकॅनिकने विचारलं, "स्टँड आवळू का?"

मी अंगठ्याने स्टँडची कड चाचपली आणि म्हणालो, "राहू दे. पास आहे."